पुण्यकोटीचा वाघ का मेला?

सीमाभागात वाढणाऱ्या मराठी मुलाला वाघ दोनदा भेटतो. पहिल्यांदा घरी, आजीच्या तोंडून. लेकीकडे निघालेली म्हातारी रानात वाघाच्या तावडीत सापडते, परतताना अंगाने चांगली भरून येईन असा वायदा करते आणि येताना भोपळ्यात बसून निसटते. दुसऱ्यांदा तो भेटतो शाळेत, कन्नडच्या पुस्तकात. तिथे वाघ गायीला अडवतो. गोठ्यात तान्हे वासरू आहे, त्याला शेवटचे दूध पाजून परत येते, असे गाय सांगते. वाघ तिला जाऊ देतो. ती खरोखरच परत येते आणि तिचे सत्य पाहून वाघच आपला प्राण सोडतो. हे 'गोविन हाडु', म्हणजे गायीचे गाणे. बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ, कारवार, भालकी या भागांत कन्नड शिकलेल्या आपल्यापैकी कित्येकांना ते आजही चालीसकट पाठ असेल.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. रानाची वाट, भुकेलेला वाघ, 'परत येते' हा शब्द, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून वाट पाहणारे जनावर. पुढे मात्र दोन्ही वाटा फुटतात. मराठी म्हातारी शब्द मोडते, तिचा जीव वाचतो आणि वाघ उपाशी राहिला तरी जिवंत राहतो. कन्नड गाय शब्द पाळते आणि वाघ मरतो. एका कथेत शहाणपण आहे, दुसरीत सत्य. पण वाघाच्या बाजूने पाहिले तर खोटे बोलणारी म्हातारीच त्याला परवडली, असे म्हणावे लागेल! हे विधान चेष्टेचे वाटेल. परंतु आपल्या दोन्ही भाषांनी वाघाकडे कसे पाहिले आणि त्या पाहण्याचा आज रानात उरलेल्या वाघाशी काय संबंध आहे, हा प्रश्न चेष्टेचा नाही.

आधी काव्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे. 'गोविन हाडु' हे अज्ञात कर्त्याचे लोककाव्य. काळिंग नावाचा गवळी, त्याची पुण्यकोटी ही गाय, अर्बुत नावाचा वाघ, एवढाच पसारा. भाषा साधी, चाल सोपी, उपमा-अलंकारांची आरास जवळजवळ नाही. काव्याची खरी शक्ती मधल्या भागात आहे. वाघाच्या तोंडून सुटलेली गाय गोठ्यात येते, वासराला पाजते आणि आपण परत जाणार असल्याचे त्याला सांगते. यानंतर मी कोणाजवळ निजू, कोणाचे दूध पिऊ, असे ते वासरू विचारते. मग गाय गोठ्यातल्या इतर गायींना बहिणी मानून त्याला त्यांच्या पदरात घालते. त्याला कोणी हुसकावू नये, लाथ मारू नये, आपलेच समजावे, एवढेच तिचे मागणे. इथे कवीने एकही शब्द जास्तीचा वापरलेला नाही. मरणाला निघालेल्या आईची निरवानिरव कशी असते ते गोठ्याच्याच भाषेत सांगितले आहे. ज्या घरात गुरे आहेत त्या घराला हे कोणी समजावून द्यावे लागत नाही.

बहुला गाईच्या जुन्या कथेचे हे भावंड आहे, आणि सत्यासाठी सर्वस्व देणाऱ्या हरिश्चंद्राच्या कुळातले आहे. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणाऱ्या आपल्या घरांत ते परके वाटत नाही याचे कारण हेच. एस. एल. भैरप्पांनी १९६८ मध्ये लिहिलेली आणि मराठीत 'पारखा' या नावाने आलेली कादंबरी याच गाण्याच्या मुळाशी जाऊन उभी राहते. एखादे लोकगीत इतक्या काळानंतर आधुनिक कादंबरीला प्रश्न पुरवते, यावरून त्याची ताकद कळते.

माझी हरकत आहे ती शेवटाला. परत आलेल्या गायीला पाहून वाघाला ती बहिणीसारखी वाटते, तिला खाणे हे पाप वाटते, आणि तो देह टाकतो. काव्याच्या तर्काने पाहिले तर शेवट बिनतोड आहे. गाय मेली असती तर सत्य हरले असते. वाघ नुसता निघून गेला असता तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणत्या तरी गायीला त्याने गाठले असतेच. तेव्हा कवीपुढे एकच वाट उरली. वाघाला चांगला करायचा असेल तर त्याला मारलेच पाहिजे. कारण वाघ जगायचा तर त्याने मांसच खाल्ले पाहिजे, आणि मांस खाणारा चांगला कसा? या कोड्याचे उत्तर कवीने वाघाच्या मृत्यूने दिले. शतकानुशतके आपण ते उत्तर मुलांना शिकवत आलो.

आता रानातला वाघ पाहू. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात. ही पन्नास दरवर्षी मिळत राहायची तर त्या रानात अशी पाचशेच्या आसपास जनावरे हवीत. वाघ झडप घालतो त्यातल्या बहुतेक झडपा फुकट जातात. दहा-वीस प्रयत्नांत एखादा साधतो. साडेतीन महिन्यांच्या गर्भारपणानंतर वाघीण दोन ते चार पिल्ले घालते आणि जवळजवळ दोन वर्षे एकटीने त्यांना पोसते. म्हणजे अर्बुताची वाघीण असती तर तिच्याही गुहेत वासरांसारखीच तोंडे वाट पाहत असणार. पुण्यकोटी जे वाघाला सांगते तेच वाघिणीला गायीला सांगता आले असते. काव्यात हे येत नाही. कारण काव्यातला वाघ एकटा आहे, त्याला घर नाही, पिल्ले नाहीत, रानही नाही. फक्त भूक आहे. कवीला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. गोठ्यात बसून वाघाकडे पाहणाऱ्या माणसाला भूकच दिसणार. पण चित्राचा दुसरा अर्धा भाग काढायला नंतरच्या लेखकांना बराच वेळ लागला हे खरे.

तो भाग काढायला सुरुवात केली बंदूक हातात असलेल्या माणसाने. जिम कॉर्बेट यांचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे पुस्तक १९४४ मध्ये मुंबईहून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. त्याचे अनुवाद मराठीतही झाले आणि कन्नडमध्येही. थरारासाठी हे पुस्तक वाचले जाते. पण समीक्षकाने पाहावी ती त्यातली 'कारण' शोधण्याची सवय. प्रत्येक नरभक्षक मारल्यावर कॉर्बेट त्याचे दात, पंजे, जुन्या जखमा तपासतात. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. १९०७ मध्ये ती मारल्यावर आढळले की कधीकाळी लागलेल्या गोळीने तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटले होते. इतर वाघांच्या अंगात साळिंदराची पिसे रुतलेली सापडली. म्हणजे नरभक्षक हा पापी नसून जखमी आहे, आणि ती जखम पुष्कळदा माणसानेच केलेली आहे. अर्बुताला पश्चात्ताप करावा लागला. कॉर्बेटच्या वाघाला पश्चात्तापाची गरजच राहिली नाही. भारतीय वाचकाच्या मनात वाघाविषयी न्यायबुद्धी जागवणारे हे मोठे पुस्तक होय.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कॉर्बेट सांगतात ते अपवाद. स्वतः ते हे वारंवार बजावतात. पण वाचकाच्या मनात राहतो तो नरभक्षकच. बंगळूरच्या केनेथ अँडरसन यांच्या दक्षिणेतल्या शिकारकथांचेही तेच झाले. कुवेंपूंचे चिरंजीव पूर्णचंद्र तेजस्वी यांनी त्या कथा कन्नडमध्ये आणल्या आणि घराघरांत पोचवल्या. तेजस्वींची भाषा इतकी मोकळी आहे की अनुवाद वाचतो आहोत हे विसरायला होते. तरीही शिकारकथेला शेवटी बंदुकीचा बार लागतोच, आणि तो झाला की पुस्तक मिटते. गोविन हाडूच्या शेवटी वाघ मरतो, कॉर्बेटच्या प्रकरणाच्या शेवटीही वाघच मरतो. मरणाची कारणे वेगळी, एवढाच फरक!

वाघ जिवंत ठेवून त्याच्यावर पुस्तक लिहिता येते हे दाखवले जॉर्ज शॅलर यांनी. १९६३ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशातल्या कान्ह्याच्या रानात त्यांनी हरणे आणि वाघ यांचा अभ्यास केला आणि १९६७ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या नावात हरीण आधी आणि वाघ नंतर येतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वाघ कळायचा तर आधी चितळ, सांबर, बारशिंगा, गवा कळला पाहिजे. आणि त्यांचे गवत खाणारी गावची गुरेही. शॅलर यांच्या पानांवर वाघ हा खलनायकही नाही आणि उमदा सरदारही नाही. रानाच्या जमाखर्चातली ती एक महत्त्वाची नोंद आहे.

हा जमाखर्च पुढे कर्नाटकात अधिक काटेकोर झाला. के. उल्हास कारंत हे कन्नडचे ज्ञानपीठविजेते कादंबरीकार शिवराम कारंत यांचे चिरंजीव, शिक्षणाने अभियंते. १९९० च्या दशकात त्यांनी नागरहोळेच्या रानात वाघांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे घातले आणि वाटांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बसवले. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे निराळे, म्हणून फोटोवरून वाघ ओळखता येतो. त्यापूर्वी पावलांच्या ठशांवरून मोजणी होत असे. १९७२ च्या मोजणीत १८२७ वाघ निघाले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पण ठशांवर फाजील विश्वास ठेवल्याचे फळ राजस्थानातल्या सरिस्कात मिळाले. कागदावर वाघ होते. २००५ मध्ये कळले की रानात एकही उरला नाही. नव्या पद्धतीच्या मोजणीत २००६ साली देशात १४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला, आणि २०२२ च्या मोजणीत ३६८२. त्यात कर्नाटकाचे ५६३, महाराष्ट्राचे ४४४ आणि गोव्याचे ५.

बापाने माणसांच्या कादंबऱ्या लिहिल्या, मुलाने वाघांची मोजदाद केली. दोन्ही कामांत एक नाते आहे असे मला वाटते. पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, ही दोघांची शिस्त. मराठीत ही शिस्त व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये दिसते. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या छोट्या कादंबरीत वानरांच्या टोळ्या आहेत, त्यांच्या लढाया आहेत, आणि माणसाचे नीतिशास्त्र त्यांच्यावर कुठेही लादलेले नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता रानाची अस्सल शब्दसंपत्ती मराठीला दिली. मराठीने पुण्यकोटीच्या वाघाला उत्तर द्यायचे असेल तर ते याच वाटेने देता येईल.

तथापि आकड्यांनाही मर्यादा आहे. ५६३ हा आकडा वाचून खानापूरच्या रानातल्या गवळ्याला काय वाटेल? त्याच्या गोठ्यातली एक म्हैस गेली तर त्याच्या हिशेबी तो आकडा एकाने जास्तच आहे.

इथे आपल्या परंपरेतला तिसरा वाघ आठवतो, वाघोबा. विठोबा, खंडोबा यांच्या पंक्तीला बसवून आपण वाघाला 'बा' म्हटले, हे मराठीचे वैशिष्ट्य आहे. अकोले-जुन्नरकडचे महादेव कोळी व ठाकर समाज आपल्या वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस करतात. म्हणजे दिवाळीच्या पहिल्याच दिवशी कुठे गाय-वासराला नैवेद्य तर कुठे वाघोबाला. वारल्यांच्या मुलखात वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी असल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. गोव्याच्या रानपट्ट्यात तोच वाघ्रो होतो. आमची गुरे राख, आमच्या वाटेला येऊ नकोस, आम्ही तुला मान देऊ, असा हा करार आहे. या वाघाने शाकाहारी व्हावे अशी अपेक्षा कोणी करत नाही आणि पश्चात्तापाने मरावे अशी तर नाहीच. हद्दीपलीकडे त्याने वाघ म्हणूनच राहावे. लोककाव्याला जे सुचले नाही ते लोकधर्माला सुचले होते.

मात्र याचाही फार गौरव करून चालणार नाही. वाघोबाला नारळ देणारी गावे आणि संस्थानिकांची शिकार पाहायला जमणारी गावे एकच होती. आणि अगदी अलीकडची गोष्ट आपल्या उशालाच घडली आहे. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात, चार वाघ मेलेले सापडले: एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले. गुरे मारली गेली होती आणि त्याचा राग विषाने काढला गेला. वाघ्रोच्याच मुलखात हे घडले.

या घटनेकडे 'गोविन हाडु' समोर ठेवून पाहावे. काव्यात एक माणूस जवळजवळ मुका आहे, काळिंग गवळी. गाय त्याची, वासरू त्याचे, नुकसान झाले असते तर तेही त्याचेच. पण सत्याचा सारा व्यवहार गाय आणि वाघ यांच्यात होतो; काळिंगाला कोणी विचारत नाही. खऱ्या रानात मात्र निकाल काळिंगाच्या हातात असतो. वाघाने मारलेले जनावर तिथेच पडू द्यायचे, वनखात्याला कळवायचे, पंचनामा करून घ्यायचा आणि भरपाईची वाट पाहायची. किंवा त्या मढ्यावर कीटकनाशक ओतायचे. पहिली वाट त्याने धरावी असे वाटत असेल तर भरपाई येते असा त्याचा अनुभव असला पाहिजे. खेपा घालून चपला झिजल्या आणि पैसे वर्षाने आले, तर पुढच्या वेळी तो कोणती वाट धरील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. विष घालणे हा गुन्हाच आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण वाघ वाचवायचा तर काळिंगाला कथेत आणल्यावाचून गत्यंतर नाही.

कर्नाटक सरकारने २०२२ मध्ये गायी दत्तक घेण्याची 'पुण्यकोटी' योजना सुरू केली. गायीच्या नावाने योजना झाली. काळिंगाच्या नावाची योजना अजून व्हायची आहे. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये म्हादई व लगतच्या रानाचा व्याघ्रप्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. रानातल्या गावांचे काय होणार, ही भीती त्या वादात सतत पुढे केली गेली. भीती खोटी नाही. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्तोली, तळेवाडी या मराठी बोलणाऱ्या वस्त्यांना रस्ता, दवाखाना आणि पुनर्वसन यांविषयीची आश्वासने नवी नाहीत.

वाघाला मात्र आपली सीमा ठाऊक नाही. सह्याद्री व्याघ्रप्रकल्पातला वाघ दांडेली-जोयड्याकडच्या काळी प्रकल्पात पोचल्याचे कॅमेऱ्यांनी दाखवले आहे. चांदोली, आंबोली, तिळारी, म्हादई, भीमगड, काळी ही त्याच्या दृष्टीने एकच वाट आहे. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक असे तिचे तीन तुकडे आपण पाडले. तिन्ही सरकारांची माणसे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात यापेक्षा ती बोलतात की नाही, यावर या वाघाचे भवितव्य ठरणार आहे. दोन भाषांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना निदान हे तरी समजायला हवे.

तेव्हा शाळेतून 'गोविन हाडु' काढून टाकावे काय? मुळीच नाही. ते जसे आहे तसे शिकवावे. फक्त शिकवताना भर थोडा सरकवावा. काव्याचा मध्यबिंदू वाघाच्या मरणात नाही, दिलेल्या शब्दात आहे. गायीने शब्द दिला, वाघाने तो मानला आणि भुकेल्या पोटी वाट पाहिली, गायीने तो पाळला. त्या प्रतीक्षेच्या काळात गाय, वासरू, गवळी आणि वाघ असे सगळेच जिवंत आहेत, आणि ते केवळ एका शब्दाच्या आधारावर. व्याघ्रसंरक्षण म्हणजे तोच काळ शक्य तितका लांबवणे. गवळ्याला भरपाईचा दिलेला शब्द, उठणाऱ्या गावाला जमिनीचा दिलेला शब्द, न उठणाऱ्या गावाला रस्त्याचा दिलेला शब्द, हे पाळले गेले तर वाघाला पश्चात्तापाने प्राण सोडावा लागणार नाही आणि विषानेही नाही.

भोपळ्यातल्या म्हातारीने शब्द मोडला तेव्हा आपण सगळे टाळ्या पिटून हसलो होतो. ती गोष्ट तिथेच, आजीच्या मांडीवर, ठीक होती. रानातल्या गावांना दिलेल्या शब्दांच्या बाबतीत मात्र इतकी वर्षे आपली सरकारे भोपळ्यातच बसून निसटत आली आहेत. कन्नड शाळेत पाठ केलेली पुण्यकोटी त्यांना कोणी तरी पुन्हा म्हणून दाखवावी. ती दोन्ही भाषांत येणारी माणसे आपल्याच जिल्ह्यांत आहेत.